मालूताई घरी थांबली

मालूताई वारली ती एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसात ते आठच्या मधे. मी तिच्या शेजारीच सोफ्यावर बसले होते आणि आमच्या दोघींच्या मधे गवारीच्या शेंगांचं ताट होतं. टीव्हीवर तिची खाट, तिचा खोकला, तिच्या उशाशी रडणारी धाकटी बहीण. मग मागे बासरी सुरू झाली, देवाजवळचा दिवा विझला आणि पडद्यावरच्या मालूताईची मान कलंडली. खरी मालूताई चष्म्यातून बघत मला म्हणाली, "शिरा नीट काढ गं. मागच्या वेळी दातात अडकल्या होत्या."

हे सांगितलं की लोक हसतात. आता मीही हसतच सांगते. पण त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. दातांच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं काहीतरी झालं होतं. आणि ते पुढे बरेच दिवस उतरलं नाही.

सिरियल सुरेखाच्या आयुष्यावर होती. सुरेखा म्हणजे गायिका सुरेखा, नाव घेतलं की समोरचा लगेच दोन ओळी गुणगुणतो. भाईंदरच्या एका खोलीतली पोर, हलाखीतून वर आली, मोठी झाली, पुरस्कार, परदेश दौरे, सगळं. मालूताई तिची सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात एकटी राहायची आणि साड्यांना फॉल-पिको करायची. गिरगावची खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा पहिला चहा तिनेच दिला होता. मी आपली अहो-जाहो करत होते, तर दुसऱ्या दिवशी झापलंन मला. "मी काय तुझी सासू लागून गेले? मालूताई म्हण आणि अगं म्हण." तेव्हापासून अगं.

तिचा आवाज बसका होता. जरा लांबून बोलली तर कळायचंच नाही. त्यामुळे ती लांबून बोलायचीच नाही, उठून जवळ यायची, हातावर हात ठेवायची आणि मग बोलायची. कोणी रडगाणं लावलं की सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "बरं, मग?" नवरा विचित्र आहे. बरं, मग? सून बोलत नाही. बरं, मग? आधी राग यायचा मला. आपण इतकं तोंड भरून सांगतोय आणि ही बया मग काय मग काय करतेय. हळूहळू लक्षात आलं, की पुढे काय करणार ते सांगितल्याशिवाय ती कोणाला उठू देत नाही.

कामात तर विचारायची सोय नाही. फॉल आधी रात्रभर पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, मगच साडीला हात. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा काठ चुण्या पाडून बसतो. दोऱ्याचा रंग दिवसाउजेडी बाल्कनीत उभं राहून साडीशी जुळवायचा, ट्यूबखाली अजिबात नाही. पहिल्या मजल्यावरच्या कोकिलाबेनच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा बावीस साड्या आल्या होत्या आणि त्यात चार दिवस आभाळ भरलेलं. कोकिलाबेन रोज वर यायची. "मालूबेन, लाईट में देख लो ना, कौन देखता है अंदर का धागा!" मालूताई म्हणायची, "मी देखती है." साड्या लग्नाच्या आदल्या दिवशी मिळाल्या. कोकिलाबेन चिडली, पण पुढे भाचीच्या लग्नालाही तिच्याकडेच आली.

गाण्याचा विषय मात्र तिच्या घरात नव्हता. गणपतीत आरतीला उभी राहायची, टाळ्या वाजवायची आणि नुसते ओठ हलवायची. कोणी आग्रह केला तर गळ्याला हात लावून दाखवायची, की गेला. बहिणीबद्दल विचारलं तर म्हणायची, "ती फार बिझी असते गं." फोन वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि आईच्या तिथीला. तोही मॅनेजर लावून द्यायचा.

तर त्या घरात एक दिवस सिरियलवाले आले. म्हणजे एकच मुलगी आली, सायली नावाची, मोठा चष्मा, पाठीवर सॅक, फार गोड. सुरेखाच्या लहानपणाची माहिती हवी होती. मालूताई मला म्हणाली, "तू येऊन बस. मला त्या पोरीसमोर एकटीला बोलता येणार नाही." मग मी सलग तीन दुपारी जाऊन बसले. पहिल्या दुपारी अण्णांच्या म्हणजे वडलांच्या गोष्टी झाल्या, ते एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. दुसऱ्या दुपारी सुरेखा लहानपणी कशी गायची, कशी रुसायची. तिसऱ्या दुपारी मालूताईने थालीपीठ लावलं, सायलीच्या पानात लोण्याचा गोळा घातला आणि म्हणाली, "आता एक सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पण तू ते लिही. लिहिशीलच ना?"

तेव्हा सुरेखा अठराची होती आणि मालूताई चोवीसची. दोघी गायच्या. मालूताई जास्त चांगली गायची, हे तिने सांगितलं नाही, पण मला ते ऐकताना कळलं. देवळात एका कार्यक्रमात मुंबईच्या एका संगीतकाराने दोघींना ऐकलं आणि दोघींना बोलावलं. मुंबईत राहून शिकायचं, काम मिळेल तसं करायचं. त्याच्या आदल्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला होता. कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचं. म्हणजे कोणीतरी एकीने थांबायला हवं होतं. मालूताई थांबते म्हणाली असती तर सुरेखानेही हट्ट धरला असता, की मग मीही जात नाही. म्हणून मालूताईने चार दिवस चिंचा आणि बर्फाचे गोळे खाल्ले आणि पाचव्या दिवशी सांगितलं, माझा घसा गेला. डॉक्टर म्हणतात आता गाता येणार नाही.

"आणि मग खोटं टिकवायला हवं ना," मालूताई सायलीला म्हणाली. "सुरेखा शनिवार-रविवार घरी यायची. म्हणून वर्षभर मी बसकं बोलले. शेवटी आवाज तसाच झाला. सवय लागली त्याला."

"मग तुम्ही गाणं सोडलंच?" सायलीने विचारलं.

"छे गं! आई गाण्याशिवाय झोपायची नाही. अकरा वर्षं रोज दुपारी गायले. खिडक्या लावून. शेजाऱ्यांनी ऐकलं तर सुरेखाला कळेल म्हणून."

सायलीचे डोळे भरले होते. माझेही. मालूताईचे नव्हते, ती आमच्या दोघींच्या पानांत दही वाढत होती. सायलीने एक कागद पुढे केला, मालूताईने न वाचता सही केली. ती गेल्यावर मला म्हणाली, "आता सुरेखाला कळेल. मला तोंडाने सांगता येणार नाही गं तिला. आता कसं, आपोआप कळेल. टीव्हीवर बघेल ती." आणि इतकी हलकी झाली होती, की त्या संध्याकाळी मला बळेच घेऊन नाक्यावर पाणीपुरी खायला गेली.

पाच महिन्यांनी सिरियल सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात अण्णा दारू पिऊन आले आणि त्यांनी तंबोरा फोडला. मालूताई ताडकन उभी राहिली. "आमचे अण्णा? अगं चहासुद्धा अर्धा कप घ्यायचे! तंबोरा कुठला, आमच्याकडे पेटी होती, तीसुद्धा देवळाची!" दोन दिवस तिचा संताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जाऊ दे. त्यांना काहीतरी दाखवावं लागत असेल. आपलं नीट दाखवलं की झालं." आणि रोज साडेसातला हातातलं काम बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसायची. रोज मला हाक. आज येईल, उद्या येईल करत ती त्या चिंचांची वाट बघत होती.

चिंचा आल्या नाहीत. घसा गेला ते दाखवलं, पण खरोखरीचा. पडद्यावरच्या मालूताईला घशाचा कॅन्सर झाला आणि त्या मंगळवारी ती गेली. मरताना म्हणाली, माझा आवाज आता तुझ्या गळ्यात राहील. त्यावर जाहिरात लागली.

माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी सायलीला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तिने बिचारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मी लिहिलं होतं. अख्खं लिहिलं होतं, शपथ. पण ते म्हणाले, ताई घरी थांबली, यात सीन कुठे आहे? एक बाई वर्षानुवर्षं घरात आहे, हे दाखवायचं कसं? ती गेली तर एपिसोड होतो." पुढे म्हणाली, "आणि वरूनही तसंच आलं होतं." वरून म्हणजे कुठून, ते तिने सांगितलं नाही आणि मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये नुसती धमाल. कोकिलाबेन दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती, "मालूबेन, तुमको तो मार डाला इन लोगों ने!" सोसायटीच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये बी विंगच्या एका काकांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, खाली फुलं, मेणबत्ती. त्यांना सिरियलमधलं मरण खरंच वाटलं होतं. मग धडाधड हात जोडलेले यायला लागले. मालूताईही त्या ग्रुपमध्ये होती. तिनेही हात जोडलेले टाकले.

हिराबाय तेवढी खूश होती. हिराबाय आमच्या गेटवर भाजी विकायची, मूळची जवळच्या चेणे गावची, पिढ्यान्‌पिढ्या इथली. ती टोपली ठेवून वर आली आणि मालूताईच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"आयुष्य वाढला गो तुझा, मालूताय! आमच्यात डोक्याला कावला शिवला का, त मानूस मेला म्हनून खोटा निरोप धाडतात. सख्ख्यांनी ऐकून रडायचा. मंग दुसरा निरोप, का जित्ती हाय. मंग काय व्हत न्हाय त्या मानसाला."

मालूताई हातातल्या साडीची घडी घालत होती. ती थांबली. "रडायचं कोणी?"

"सख्ख्यानी. भैनीनी, भावानी."

"बहीण कुठे रडली? ती नटी रडली."

"मंग भैनीला सांग ना तू. का मी हाय म्हनून. त्याशिवाय ता पुरा कसा व्हनार?"

हिराबायचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. मालूताईने नेलं नाही. दुपारभर ती मोबाईल जवळ घेऊन बसली होती, आपणहून फोन येईल म्हणून. मेलेल्या बहिणीचा एपिसोड बघून सुरेखाला काहीतरी वाटेल, असा तिचा हिशोब. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मला बोलावलंन आणि माझ्यासमोर नंबर लावला. स्पीकरवर टाकलं, कारण तिचा आवाज पलीकडे पोचायचा नाही आणि मला मधे बोलावं लागायचं.

"मॅडम रेकॉर्डिंगमध्ये आहेत. कोण बोलतंय?" मॅनेजर नवा होता, पोरसवदा आवाज.

"मालती. मोठी बहीण," मालूताई म्हणाली.

"कोणाची?"

"सुरेखाची."

तो म्हणाला, "हे बघा, तुम्ही ज्या कोणी असाल, मॅडमच्या ताई वारल्यात. असले फोन करताना लाज वाटायला पाहिजे." आणि ठेवून दिला.

मी शिव्या घातल्या. मालूताईने मोबाईल चार्जिंगला लावला आणि म्हणाली, "मुलगा चांगला आहे. तिची काळजी घेतो." मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. अगं, चिड की जरा! पण चिडायला माणूस कुठेतरी असावं लागतं, ती त्या आठवड्यात कुठेच नव्हती. चार पावलं चालून येऊन हातावर हात ठेवून बोलणारी बाई खुर्चीतून हलेना. कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं तर ऐकून घ्यायची आणि पुढे काही विचारायचीच नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. मी तिथेच होते, माझी एक पैठणी पिकोला द्यायला आले होते. दारात तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल लावलेली बाई. मास्क काढला आणि सुरेखा. टीव्हीत दिसते त्याहून लहानखुरी, आणि थकलेली. गाडी बाजारापाशीच ठेवून चालत आली होती, कोणी ओळखू नये म्हणून. तिने वाकून नमस्कार केला. मी उठायला लागले तर मालूताईने माझा पदर धरला. "बस तू."

"मॅनेजर नवीन आहे, ताई," सुरेखा म्हणाली. "त्याने काल हसत हसत सांगितलं, की तुमच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने कोणीतरी फोन करतंय. मी त्याला खूप बोलले."

"कशाला बोललीस? त्याला काय माहीत."

खाली हिराबायची हुज्जत चालू होती कोणाशी तरी. मालूताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले, नीट बसली, आणि मला कळलं की ती आता बोलणार. टीव्हीने केलं नाही ते आता तोंडाने करणार.

"सुरे, मला तुला एक सांगायचंय. फार जुनं आहे. माझा घसा आहे ना, तो तेव्हा..."

"माहीत आहे," सुरेखा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गेला नव्हता. माहीत आहे मला, ताई." ती खाली बघत होती. "मी पहिल्यांदा निघाले त्या दिवशी परत आले होते. वही राहिली होती गाण्यांची. जिन्यातच ऐकू आलं. खिडक्या लावल्या होत्यास तू, पण दाराखालून येत होतं. आईसाठी गात होतीस. मी जिन्यात बसून सगळं ऐकलं. मग वही न घेताच गेले."

मालूताई तिच्याकडे बघत राहिली.

"त्या मुलीने लिहिलेलं माझ्याकडे आलं होतं आधी. मीच नको म्हटलं. मला रोज साडेसातला ते नसतं बघवलं गं." आणि सुरेखा रडायला लागली. मोठ्याने, नाक ओढत, लहान पोरीसारखी.

मालूताईने तिला रडू दिलं. पाठीवरून हातही फिरवला, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "चहा ठेवते. साखर चालते ना तुला?" सुरेखाने अर्धा कप चहा घेतला, पुन्हा नमस्कार केला, म्हणाली की येत जाईन आता, आणि मास्क लावून गेली. मालूताई दारापर्यंत गेली, लिफ्टचा आवाज येईपर्यंत थांबली आणि परत येऊन कप विसळायला लागली.

"तू काहीच का बोलली नाहीस?" मी विचारलं. मला रडू येत होतं, रागाने. "सगळं माहीत असून गेली ती! आणि वर तुला मारलंन! एक थोबाडीत तरी द्यायची!"

मालूताईने कप पालथा घातला. नळ बंद केला. जवळ आली नाही, तिथूनच बोलली, त्यामुळे मला कान देऊन ऐकावं लागलं.

"तिला कळलं असतं तर ती गेली नसती, असं मी धरून चालले होते गं. इतकी वर्षं. त्याच्यावरच सगळं चाललं होतं माझं."

पैठणी तिथेच टाकून मी घरी आले आणि भिंतीकडे बघत बसून राहिले.

त्यानंतर सहा महिन्यांत आमची बिल्डिंग पाडायला घेतली. आम्ही मिरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ भाड्याने गेलो, मालूताई चेण्याला हिराबायच्या दिराच्या खोलीत. सुरेखाचे फोन यायचे म्हणे. मालूताई घ्यायची की नाही, ते मी विचारलं नाही. मीसुद्धा चेण्याला जाईन जाईन म्हणत गेले नाही. रिक्षाने काही लांब नाही. नाही गेले एवढं खरं.

मग मागच्या मार्गशीर्षात ती मला सिल्व्हर पार्कच्या एका दोऱ्याबटणांच्या दुकानात दिसली. वाळली होती, केस पूर्ण पांढरे झाले होते. मी हाक मारली तर हसली, माझ्या मुलाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. दुकानात आणखी एक बाई होती, तरुण, हातात लेसचे नमुने. ती बराच वेळ मालूताईकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "आंटी, रागावू नका हं, पण तुमचा चेहरा एकदम सुरेखाताईंसारखा आहे. सेम टू सेम. तुम्ही त्यांच्या कोणी लागता का?"

मी मालूताईकडे बघितलं. ती पिशवीत रिळं भरत होती.

"नाही हो," ती म्हणाली. "मला बहीण नाही."

"सॉरी हं," ती बाई म्हणाली आणि लेस बघायला लागली. मालूताईने पिशवी उचलली, मला येते म्हणाली आणि बाहेर जाऊन रिक्षाला हात केला.